कूलरच्या जागी ऋतुपुष्पे

तीर्थस्वरूप यमुताईस,

मुकुंदचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त अर्धाच स्वीकार). तुझे गुडघे कसे आहेत? पुण्यात म्हणे यंदा लोक अडतीस अंशांनाच हाय खातात. खाऊ देत बिचारे. आमचं ठीक चाललं आहे.

'चित्र आवडलं का ते खरं सांग, नसेल तर परत पाठव, आमच्या क्लासच्या प्रदर्शनात ठेवते' असा तुझा निर्वाणीचा निरोप काल मिळाला. तेव्हा खरं सांगतो. दिवाळीला तू पाठवलेलं 'ऋतुपुष्पे' हे तैलचित्र म्हणजे धाडस आहे. एकाच तांब्यात पळस, शेवंती, मोगरा आणि झेंडू! पळस होळीचा, शेवंती दिवाळीची. ही गाठ घालणं निसर्गाला आजवर जमलं नव्हतं, ते एका निवृत्त बँक अधिकारी बाईंनी करून दाखवलं. तांब्याही थोर. तो डावीकडे इतका कलला आहे, की माया (तुझी भावजय) महिनाभर येताजाता चौकट सरळ करत होती. शेवटी चौकट सरळच आहे असं निष्पन्न झालं.

टांगायचं कुठे, हा प्रश्न कूलरनं सोडवला. तो थंडीत गच्चीवर गेला की बैठकीच्या खिडकीत भोक उरतं आणि तिथे आम्ही पुठ्ठा ठोकतो. तुझं चित्र तिथे माप घेऊन काढल्यासारखं बसलं. डिसेंबरात वारा म्हणून आत आला नाही. (कलेचा जगण्याशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांना माझ्याकडे पाठव.) शेजारचे गिरिधरराव रसिक. तैलचित्र लांबून बघायचं असतं म्हणत ते एकेक पाऊल मागे सरकले आणि स्टुलावर ठेवलेल्या तर्री-पोह्यांत बसले. रंग फार जहाल आहेत, एवढंच म्हणाले. कुठले, ते मी विचारलं नाही.

माझ्या सासूबाई, रुखमाबाई, नरखेडहून राहायला आल्या आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मावलं, "जावईबापू, शिळे फुलं कायले ठेवले घरात? टाका निर्माल्यात." शेवंतीची एक पाकळी गळायला आल्यागत लोंबते ना, त्यावरून. अहो, ते चित्र आहे म्हटलं, तर म्हणाल्या, "मंग ताजे काढाचे होते!" समीक्षा म्हणतात ती हीच. तेव्हापासून रोज चहाच्या आधी त्या खिडकीपाशी जाऊन ती पाकळी बघतात आणि "हाये अजून" असं घरभर सांगतात.

एकंदरीत चित्र बरं आहे. प्रदर्शनात मांडण्याइतकं नाही; तुझी अब्रू ती आमची अब्रू. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मुकुंद

ता. क. चित्र परत पाठवता येत नाही. प्रदर्शनासाठी दुसरं काढ. तांब्या सरळ काढ.

आणखी एक ता. क. इथे आज पंचेचाळीस अंश आहे. कूलरवाला दुर्गेश कूलरच्या जाळीत भरायची नवी खस (तुमच्याकडचा वाळा) घेऊन दोनदा येऊन गेला. शेवटी चित्र काढायला मीच हातोडी घेऊन स्टुलावर चढलो (कंबर तेव्हाच धरली). रुखमाबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "राहू द्या तुमचा कूलर. हलवलं तं पाकळी पडून जाईन." मी मायाकडे पाहिलं, तिनं हातोडी मागून घेतली आणि आत नेऊन ठेवली. कूलर गच्चीवरच आहे. आम्ही तिघं ओले पंचे डोक्यावर घेऊन बसलो आहोत. पाकळी आहे अजून.