अर्ध्या गोळ्या

१४ मार्च, दुपार

ताई,

आज बाबांच्या उरलेल्या गोळ्या वेदनाशमन केंद्रात परत दिल्या. सिस्टरनी डबी उघडून विचारलं, "या सगळ्या अर्ध्या कशा?" मी खरं ते सांगून टाकलं.

तू फोनवर बजावलं होतंस, "उगाच शहाणपणा करू नकोस, सांगितल्यात तेवढ्या दे." मी हो म्हटलं आणि मॉर्फिनची प्रत्येक गोळी सुरीने अर्धी केली. मला वाटलं, त्यांना सवय लागेल. थोडेच दिवस उरलेल्या माणसाला सवय लागून काय बिघडणार होतं? बाबा कण्हायचे आणि वर मलाच म्हणायचे, "तू जेवून घे रे, मी काही पळून जात नाही."

सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "घाबरून पुष्कळ जण असं करतात. एक फोन तरी करायचा. दुखणं थांबवायलाच तर आम्ही आहोत." त्यांचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता.

तू विचारलं होतंस, "शांत गेले ना रे?" मी तेव्हाही हो म्हटलं. हे पत्र तुला पाठवायचं धैर्य माझ्यात नाही.

बाबांची चादर भिजत घातली आहे. ती पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक नळाला बांधतो, पिळतो आणि वाळत घालतो.

तुझा,
धाकटा