दसऱ्यानंतरचा धडा

प्रिय मैत्रेयी,

तुझी राजूरला बदली होऊन सहा वर्षं झाली, पण तुझं बोलणं इथे पाथर्डीच्या शाळेत अजून ऐकू येतं. तू म्हणायचीस, "शोभे, पुस्तकाला ऊस तोडायला जायचं नसतं, पोरांना जायचं असतं." दसऱ्यानंतर निम्मा वर्ग कारखान्यावर जातो, तेव्हा मापं, घड्याळ, दशांश जूनमध्येच शिकव, असं तुझं सांगणं. मी हसले होते. साहेब वार्षिक नियोजन तपासतात, तुझं डोकं नव्हे, असंही म्हणाले होते.

गोरक्षनाथची मुलगी आरती आठवते? तेव्हा पहिलीत होती, आता सातवीत आहे. एकही हिवाळा तिने शाळेत काढलेला नाही. पाढे मात्र तोंडपाठ. ते दसऱ्याआधीच शिकवून होतात.

जानेवारीत कारखान्याच्या तळावर तिचा दहा महिन्यांचा भाऊ गेला. तापाने, असं सगळे म्हणतात. एप्रिलमध्ये टोळी परतल्यावर मी भेटायला गेले. तिच्या आईने, पुष्पावतीने, पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढून दाखवला. आरती शेजारीच होती. म्हणाली, "बाई, औषीद मीच देत हुते. आई-आबा फडात. पंचवीस लिवलंय ना, मंग पाचाचं झाकण पाच बार. एक थेंब सांडू दिला न्हाई."

कागदावर २.५ मिली होतं.

मी घडी घालून कागद परत दिला. "बरोबर मोजलंस," असं म्हणाले गं मी तिला. गुणाकार खरंच बरोबर होता.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. यंदा जूनपासून तुझ्या क्रमाने शिकवतेय. घड्याळ झालं, लिटर झालं. दशांशाशी येऊन अडले आहे. काल आरतीनेच विचारलं, "बाई, त्ये टिंबाचं कधी? दरसाली आमचं ऱ्हातंय."

पुष्पावतीला सहावा महिना आहे. यंदाच्या हंगामात तळावर ते बाळही आरतीच्याच कडेवर असेल. म्हणजे शिकवणं टाळता येत नाही. सोमवारी फळ्यावर टिंब काढणार आहे. पोरगी हुशार आहे, तो कागद आठवायला तिला वेळ लागणार नाही. म्हणून आधी, रविवारी, मीच तिला सांगायचं ठरवलंय. तू शनिवारच्या एसटीने ये. मी सांगत असताना तिच्याजवळ कुणीतरी बसलेलं हवं, आणि जिने तिला "बरोबर" म्हटलं तिला ती जवळ बसू देईल, असं वाटत नाही.

तुझं तेव्हा न ऐकलेली,
तुझीच
शोभा