घरातून पहिलीच

१४ जुलै

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. वसतिगृहातली खोली चौथ्या मजल्यावर आहे, खिडकीतून छापखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसतं. आईचा गुडघा कसा आहे? लॉन्ड्रीतल्या इस्त्रीने भाजलेलं तुझं मनगट बरं झालं का?

फोनच करणार होते. पण फोनवर तू लगेच "असू दे गं, वेडाबाई" म्हणतेस आणि विषय मिटवतेस. म्हणून लिहितेय.

शिष्यवृत्ती मिळाल्यातच जमा आहे. आधीच्या दोन ठिकाणी नन्नाचा पाढा होता, तिसरीकडे मुदत आदल्याच दिवशी संपलेली. ही एका ट्रस्टची आहे, शेवटपर्यंतची सगळी फी तेच भरतात. ती नसेल तर मला इथून गाशा गुंडाळावा लागेल. मुलाखत घेणाऱ्या बाई फार प्रेमळ आहेत. रविवारी त्या आपल्या घरी येतील, सगळ्यांना भेटतील, मग पक्कं. त्यांना चहात साखर कमी लागते.

पण चहा-साखरेचं किती वेळ लिहीत बसू? ताई, ही शिष्यवृत्ती घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्यांसाठी आहे. बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे याआधी कुणीच गेलं नाही?" मी म्हणाले, "कुणीच नाही."

तू वर्षभर गेलीस. वर्गात पहिली आलीस. बाबा गेल्यावर माझी शाळा सुटू नये म्हणून कॉलेज सोडून लॉन्ड्रीत उभी राहिलीस. बाईंनी पुढे कौतुकाने विचारलं, "मग गणित इतकं पक्कं कसं गं?" मी म्हणाले, "माझं मीच केलं." गणित तर मला तूच शिकवलंस. हे खोटं तर कुणी मागितलंही नव्हतं.

खरं सांगू? पत्र लिहायला बसले ते तुला विनवायला, की रविवारी शिक्षण विचारलं तर दहावी सांग. तू सांगितलंही असतंस. गिऱ्हाइकाचा शर्ट जळाला तर मालकाने विचारण्याआधीच कबूल करून पगार कापून घेणारी तू, माझ्यासाठी मान खाली घालून खोटं बोलली असतीस. ते डोळ्यांसमोर आलं आणि मला माझी किळस आली.

तेव्हा तसं काही करू नकोस. मी शनिवारी येतेय. बाई आल्या की आधी मीच सांगेन, तुझ्यादेखत. शिष्यवृत्ती गेली तर दुसरी शोधेन, नाहीच मिळाली तर तुझ्या शेजारी इस्त्री धरेन. भीती वाटतेय, पण येतेय.

तुझी धाकटी,
आपल्या घरातून कॉलेजात गेलेली दुसरी