चार कोऱ्या टेस्ट

३ जानेवारी
टपालाने आले: एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेच्या सराव टेस्टचा संच, नग पाच. उत्तरपुस्तिका, नग एक. कंपनीचं कॅलेंडर, फुकट. किंमत तीनशे चाळीस, टपालखर्च पंचवीस. कॅलेंडर गेल्या वर्षाचं निघालं, पण पाठकोरं आहे. ही नोंद त्याच्याच पाठीवर.

परीक्षा सोळा मार्चला. शंभरपैकी साठ पडले तर लेकीला प्रवेश, नाहीतर एक एप्रिलपासून आत्याच्या ओळखीच्या ऑफिसात टायपिंग. मी मॅट्रिकला थांबले. लेक थांबणार नाही. देवाशी बोलणं झालं आहे: निकाल लागेपर्यंत दुपारचा चहा सोडला. साखरही वाचेल.

४ जानेवारी
पद्धत ठरवली. पाचही टेस्ट एकदम फोडायच्या नाहीत. पहिलीत शंभरपैकी शंभर पडले की मगच दुसरी. तिनं पेन्सिलीनं सोडवायची, मी तपासायची, रबरानं पुसायची, की पुन्हा नवी. कोऱ्या राहिलेल्या टेस्ट कंपनी परत घेते, तसं पाकिटावर छापलंय. म्हणून बाकीच्या चार ट्रंकेत, कुलूप लावून. किल्ली तांदळाच्या डब्यात पुरली, कुणाच्या बापाला सापडायची नाही. उत्तरपुस्तिका देवाच्या तसबिरीमागे.

हे म्हणाले, मास्तरीणबाई, एकच प्रूफ दहा वेळा वाचलं की चुका दिसेनाशा होतात. हे छापखान्यात प्रुफं तपासतात, त्यामुळे ह्यांना जगात सगळीकडे प्रूफच दिसतं.

६ जानेवारी
पहिली टेस्ट. ४३.
लेकीचं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, अगं, हा पाया आहे. पाया कधी दिसायला सुंदर असतो का?

१३ जानेवारी
तीच टेस्ट. ५८! आठवड्यात पंधरा मार्क. या वेगानं तीन फेब्रुवारीला १०३ पडतील. वरचे तीन देवाला.

२५ जानेवारी
या खेपेला ७९. लेक म्हणाली, आई, मला पाठ झालीय गं ही. मग? पाठ होऊ नये म्हणून का कुणी अभ्यास करतं? पेन्सिलीला टोक काढायला बसली. पटलं असावं.

ह्यांच्यात मात्र मोठा फरक. आज शनिवार, माझ्या देवळातल्या प्रार्थनेचा दिवस. चार वाजायच्या आत ह्यांनी माझ्या चपला दारात जोडून ठेवल्या. घाईनं परतू नकोस, देवाजवळ निवांत बस, म्हणाले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! चहा सोडल्याचं फळ, दुसरं काय.

३ फेब्रुवारी
९६. हिशोबापेक्षा सात कमी, पण चालेल. वेळ फक्त बत्तीस मिनिटं, तीही मधे दोरीवरचे कपडे काढायला पाठवलं होतं ते धरून. परीक्षेत म्हणे दोन तास देतात. उरलेल्या वेळात पोरगी तिथं बसून काय करणार? विणकाम आत नेऊ देतात का, चौकशी करायला हवी.

१५ फेब्रुवारी
पेन्सिली भराभर संपताहेत. हल्ली मालच निकृष्ट.
ह्यांच्या बाहीला लाल शाई. तीही शनिवारी, छापखाना बंद असताना! विचारलं तर म्हणाले, जुना डाग वर आला असेल. साबण बदलावा.

२४ फेब्रुवारी
आठवी खेप. पुसून पुसून सतराव्या प्रश्नाच्या जागी भोक पडलं. प्रश्नच नाही, तरी पोरीनं बेधडक 'क' लिहिलं. बरोबर! प्रश्न नसताना उत्तर येतं, याला म्हणतात तयारी. शेजारीणबाईंना मुद्दाम बोलावून भोक दाखवलं. बाई गं, एवढंच म्हणाल्या. अवाक झाल्या बिचाऱ्या.

मार्क ९९. एकोणिसावा प्रश्न मुद्दाम चुकवलान् असं वाटतं, दुसरी टेस्ट फोडावी लागू नये म्हणून. काटकसर रक्तातच आहे.

१६ मार्च
परीक्षा. मी आणि हे फाटकाबाहेर दोन तास उभे. लेक सगळ्यांत शेवटी बाहेर आली. विचारलं, आपल्यातले किती प्रश्न आले? म्हणाली, एकही नाही.

एकही नाही? शंभरातला एकही? दहा आठवडे पोरीला एकाच टेस्टच्या दावणीला बांधून ठेवलं मी, चार कोऱ्या ट्रंकेत ठेवून. देवा, चूक माझी असेल तर टायपिंगला मला पाठव, तिला नको.

हे मात्र घरी येईस्तोवर शीळ घालत होते. बापाचं काळीज असंच.

२९ मार्च
निकाल. ६४!! प्रवेश मिळाला. देवापुढे दिवा लावला, चहा पुन्हा सुरू केला. आज दोन कप. एकच टेस्ट, पण मुरवून मुरवून दिली त्याची ही करामत. आत्याला कळवायला हवी ही पद्धत.

त्याच आनंदात चार कोऱ्या टेस्ट परत पाठवायला ट्रंक उघडली. चारही भरलेल्या. लेकीचं बारीक अक्षर, त्यावर ह्यांच्या लाल खुणा. दुसरी ४६. तिसरी ५२. चौथी ५७. पाचवी ६३. शेवटच्या पानावर लाल शाईत: "शाब्बास पोरी! आता आवर, आई येईल."

आणि मी देवाजवळ निवांत बसले होते.

ट्रंकेला होतं तसं कुलूप लावलं, किल्ली तांदळात. ह्यांच्या चहात एक चमचा साखर जास्त घातली. घोट घेऊन हे माझ्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, प्या मुकाट्यानं.

कंपनीला पत्र टाकलं. नक्कल:

स.न.वि.वि. आपला संच उपयोगी पडला. उरलेले चार नग परत करीत नाही, कारण ते वापरले गेले आहेत. मात्र पहिल्या टेस्टमधला सतरावा प्रश्न आमच्या प्रतीत शिल्लक नाही. त्याचं उत्तर 'क' आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. प्रश्न काय होता, तेवढं कृपया उलट टपाली कळवावं.