पूजेचं स्टोरेज वरच्या कप्प्यात

सोमवार, २९ सप्टेंबर. सकाळी ९.४०
सर्व्हरचं नवं डेटा स्टोरेज आलं. डिस्कसकट अडतीस किलो. कारखान्याच्या दहा वर्षांच्या बॅचची सगळी नोंद यात जाणार. शुक्रवारी कारखाना बंद, तेव्हा सर्व्हर रूममधल्या रॅकवर चढवायचं. प्लांट हेड मॅडम म्हणाल्या, काम नीट झालं तर आयटी इनचार्ज कोणाला करायचं ते ठरवू. कोणाला म्हणजे? विभागात मी एकटाच.
संकल्प: मॅन्युअल पूर्ण वाचणे.

दुपारी ४.००
पहिलं पान वाचलं. दोघांनी उचला, असं चित्र आहे. चित्रातली माणसं फार किरकोळ वाटली.

मंगळवार, ३० सप्टेंबर
मॅन्युअल वाचायला पालघरला घरी नेलं. बॅगेतच राहिलं. सुलू म्हणाली, मागच्या वर्षी सिलिंडर उचलून चार दिवस पालथे पडला होतात, सोबत माणूस घ्या. बायकोला हार्डवेअरमधलं कळत नाही. तरी मोठ्या मनाने स्टोअरमधला देवू मागून घेतला. चिंचणीचा आहे, घरची होडी. कॉम्प्युटरशी संबंध नाही, पण धरायला बरा.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी
मशीनची पूजा. स्टोरेजलाही हळदकुंकू आणि झेंडूचा हार. जाळीतून पाकळ्या आत गेल्या. चिमट्याने तीन काढल्या, बाकीच्या श्रद्धेवर सोडल्या.
बॉयलरवरच्या खंडेरावांनी विचारलं, हे ठेवणार कुठे? म्हटलं, रॅकच्या तळाला. ते म्हणाले, पूजा झालेली वस्तू पायाशी? पटलं. सगळ्यात वरचा कप्पा नक्की केला. जड वस्तू खाली ठेवा, असं मॅन्युअलमध्ये आहे म्हणे. पण लिहिणाऱ्यांकडे खंडेनवमी नसते.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सकाळी १०.१०
देवू खोक्यावरची चित्रं बघत बसला. म्हणे आधी डिस्क काढू, वजन कमी होईल. बारा डिस्क काढायच्या, परत घालायच्या, कोण करणार? मग म्हणे रॅकचे पाय जमिनीला आवळलेले नाहीत. रॅक काय पळून जाणार आहे?
शेवटी म्हणाला, "सायेब, जड सामान होडीच्या तळाला ठेवतात. वर ठेवलं तर होडी कलंडते."
मी त्याला सांगितलं की हा समुद्र नाही.

११.२०
चढवलं. कंबरेत काहीतरी कट्‌ झालं. मॅडमना फोटो पाठवला. अंगठा आला. इनचार्ज झाल्यासारखंच.

१२.१५
मागची केबल पोचेना, म्हणून ११.३५ला स्टोरेज पुढे ओढलं. त्याच्यामागोमाग अख्खा रॅक पुढे आला. देवूने मला बाजूला ढकललं आणि खांदा लावला. वॉचमन चंद्रभान धावत येईपर्यंत तो तसाच उभा होता. मग दोघांनी रॅक मागे लोटून सरळ केला. मी तेवढ्यात मॅन्युअल शोधत होतो.
देवूचा खांदा सोलवटलाय. मी घाबरलो होतो. त्याला काही झालं असतं तर त्याच्या घरी जाऊन काय सांगितलं असतं?

शनिवार, ४ ऑक्टोबर
पालथा. सुलू कंबर शेकते आहे. चंद्रभानचा फोन आला. काल मी गेल्यावर त्याने आणि देवूने डिस्क काढल्या, स्टोरेज तळाला बसवलं, रॅकचे पाय आवळले. सगळं चालू आहे.
झोपून रिपोर्ट लिहिला: 'किरकोळ झुकाव, टीमवर्कने आटोक्यात.' देवूचं नाव टाकणार होतो. जागा कमी पडली.

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ११.००
मॅडमनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलंय. ओरडल्या नाहीत. देवू नसता तर काय झालं असतं, एवढंच विचारलं. इनचार्ज बाहेरून घेणार आहेत.

दुपारी ३.००
बोर्डावर नोटीस. जड उपकरणं सुरक्षित उचलण्याचं प्रशिक्षण, गुरुवारी सकाळी दहाला. शिकवणार: देवू तामोरे. शिकणाऱ्यांत माझं एकट्याचं नाव, पुढे सहीची जागा. सही केली.
देवू मागेच उभा होता. म्हणाला, "कंबर दुखते तवर तुमी उचलू नका सायेब. खुर्चीत बसून बघा."
बसून बघणार आहे.