ओट्यावरचा फोन

४ एप्रिल १९९६, गुरुवार

आज फळी आली! गल्लीतल्या सूचना तिला लावलेल्या असतात – कचरा कोणत्या वारी, गटार कोणी साफ करायचं. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. मला जपानी वाचता येत नाही. शिक्का मात्र झोकात मारला.

पुढचं घर ओकादाबाईंचं. एकट्याच असतात, सत्तरीच्या. बेल वाजवली, फळी पायरीवर ठेवली आणि खाली उतरून रस्त्यावर उभा राहिलो. त्या बाहेर आल्या. फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो. झालं.

७ एप्रिल, रविवार

दोनला गावी, वरवंडला फोन. तिथं साडेदहा. आमच्या घरी फोन नाही, नंबर गावातल्या मारुतरावांचा. आधी त्यांना सांगून ठेवायचं, दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा. तोवर ते स्वतः बाहेर येऊन बौद्धवाड्याकडे तोंड करून आईला हाक मारतात. भला माणूस, कधी कंटाळा केला नाही. आई त्यांच्या ओट्यावर उभी राहते, त्यांच्या घरच्या रंगुवहिनी खिडकीच्या गजांतून रिसिव्हर बाहेर देतात. मी शिरूरच्या कंपनीत लागलो तेव्हापासून हे असंच.

"डोळ्याचं ठरलं. अठराला, दौंडात."

"सोबत कोण?"

"करुणा येतीया की." करुणा म्हणजे माझी बहीण. "तू जेवतोस ना रं?"

९ एप्रिल

चहाच्या सुट्टीत इतो साहेबांनी गाठलं. ट्रेनिंग त्यांच्याच हाताखाली आहे. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच. ओकादाबाईंनी विचारलंय म्हणे – हा भारतातला मुलगा माझ्यावर रागावलाय का?

मी चाट! इथं शेजारी दारातून आत येतो, फळी हातात देतो, दोन शब्द बोलतो. पायरीवर टाकून लांब उभं राहणं म्हणजे भांडण.

मी कशाला रागावतोय? दुसरं काही सुचलंच नव्हतं. सत्तावीस वर्षांचा झालो, डिप्लोमा झाला, तरी पाय आपोआप खाली उतरले.

१२ एप्रिल

मुद्दाम गेलो, माफी मागायला. ओकादाबाईंनी आत बसवलं. कडू चहा. अर्धा तास बसलो, एक शब्द कळला नाही. निघालो तर माझे बूट दाराकडे तोंड करून नीट लावलेले. त्यांनी स्वतः, हातांनी!

घरी येऊन फार राग आला. ओकादाबाईंचा नाही. त्या खिडकीचा.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. खोलीत एकट्यानं मेणबत्ती लावली. मग फोन.

"आई, ओट्यावर नको. आत जाऊन बोल."

"नगं. हितं बरं हाय."

"उन्हात उभी राहतेस. चार दिवसांवर ऑपरेशन आलंय."

"आरं, कवा कुणी आत बोलावलंय का?"

"बोलवायला कशाला पाहिजे? दार उघडंच असतं की."

रिसिव्हर खिडकीतच ठेवल्याचा आवाज. लांबून रंगुवहिनी – "आगं जाईबाई, कुठं चाललीस?" आणि आईचा आवाज एकदम जवळ.

"आले रं आत. खुर्ची हाय हितं. बसू?"

"बस."

बसली. मिरवणुकीचं सांगितलं, खिरीचं सांगितलं. दहा मिनिटं! मारुतरावांचा आवाज काही आला नाही.

१५ एप्रिल

आज दोन पार्ट उलटे बसवले. इतो साहेब ओरडले, तरी मला हसूच येत होतं.

१८ एप्रिल, गुरुवार

आज ऑपरेशन. कळायला रविवार उजाडावा लागेल.

२१ एप्रिल, रविवार

दोनला लावला. मारुतरावांनीच उचलला.

"आप्पा, मी पोपट, जपानवरून. आईला जरा–"

"राँग नंबर." ठेवला.

मला वाटलं, लाइनचा घोटाळा. आकडे एकेक बघत पुन्हा लावला. एवढं विचारलं – आईचा डोळा कसा आहे?

"राँग नंबर हाय, पोपट," म्हणाले. आवाज चढवला नाही.