दिवाणखान्यातली कालवं

क्विल कोव्ह, केप कॉड
७ डिसेंबर १९६१

चि. ऑरिन यास ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दुकानावर माझ्यासाठी राखलेल्या खोलीच्या भिंतींना नवा कागद लावल्याचं वाचलं. मला फुलांचा कागद सोसत नाही हे ठाऊक असून फुलांचाच लावलास. लग्न न करता राहिलेल्या माणसाला घर सजवू देऊ नये असं आई म्हणायची, ते तुला पाहूनच म्हणत असावी.

परवा खाडीतल्या आपल्या पट्ट्यावरची शेवटची कालवं उचलली. कडेच्या पाण्यावर बर्फाची साय धरू लागली होती, आणखी दोन दिवस थांबले असते तर वाळूसकट गोठली असती. चाळीस गोणी तळघरात उतरवल्या, आता वसंतापर्यंत तिथेच थंडीत झोपतील. उजवा खांदा दोन दिवस बोलत होता, आता गप्प आहे. कालवं यंदा चांगली भरलीत. एक फोडून पाहिलं. आधी समुद्र, मग साय, आणि गिळल्यावर तांब्याच्या भांड्यातून पाणी प्यावं तशी चव. बाबांच्या वेळी होती तशीच.

एक नवी कटकट आहे. खाडीपलीकडचा अन्सेल्मो फुर्ताडो परवा दाराशी टोपी फिरवत उभा राहिला. वाऱ्याबद्दल बोलला, माझ्या कोंबड्यांबद्दल बोलला, मग म्हणाला की त्याच्या तळघरात पाणी शिरलंय. म्हणजे कालवं माझ्याकडे ठेवायची आहेत. नाही म्हणता आलं नाही. त्यानेही मोजून चाळीस गोणी आणल्या, एक कमी नाही की जास्त नाही. मी मधोमध खडूची रेघ मारली आणि प्रत्येक गोणीला नावाची चिठ्ठी बांधली. त्याचा पट्टा वर ओढ्याच्या तोंडाशी, त्यामुळे कालवं गोड्या पाण्यावर वाढलेली, सुस्त. काकडीसारखी लागतात. हे मी त्याला वीस वर्षं सांगते आहे आणि वीस वर्षं तो आभार मानतो.

आता कामाचं. गावाने नवा नियम केला आहे. एक मे रोजी निरीक्षक प्रत्येक पट्ट्यावरची कालवं मोजणार. वीस हजार भरली नाहीत तर गाव पट्टा काढून घेऊन यादीतल्या पुढच्या माणसाला देणार. अन्सेल्मोला काळजी नाही, त्याची निम्मी कालवं खोल पाण्यात असतात, बर्फ तिथवर पोचत नाही. माझी सगळी तळघरात आहेत, चाळीस गोणी, वीस हजारांच्या जेमतेम वर. तेव्हा तुझ्या रोजच्या धोशाला एकदाच उत्तर देते. मोजणीत उतरले तर बॉस्टनचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही उतरले तर मुकाट्याने तुझ्या फुलांत येऊन राहीन.

तब्येतीला जप. लोभ कमी करू नकोस.
तुझी ताई,
लव्हिनिया


बॉस्टन
१५ डिसेंबर १९६१

ती. ताईस ऑरिनचा सा. न. वि. वि.

अट मान्य. फुलं लहान आहेत, चष्मा काढलास तर दिसणार नाहीत.

दुकान बरं चाललंय. काल ओहायोचा एक गृहस्थ आला. मी आपल्या खाडीची सहा कालवं फोडून बर्फावर मांडली, त्याने प्रत्येकावर इतका तिखट टोमॅटो रस ओतला की आत कालव आहे की कापसाचा बोळा, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. मी नम्रपणे सांगितलं की पहिलं तरी नुसतं खाऊन पाहा. त्याने खाल्लं आणि म्हणाला की एकदा लहानपणी तो समुद्रात पडला होता, त्याची आठवण झाली. मी ही स्तुती समजलो.

तू नाताळला चार दिवस न्यू बेडफर्डला मावशीकडे जाणार आहेस, तिकडे निश्चिंत राहा. साठी उलटलेल्या बाईने पहाटे उठून चुलीत लाकडं घालायची, हे मला इकडे बसून बघवत नाही. परत येशील तेव्हा एक गंमत असेल. जास्त सांगत नाही.

अन्सेल्मोला नमस्कार सांग. सांगणार नाहीस, तरी सांग.
तुझा,
ऑरिन


क्विल कोव्ह
२९ डिसेंबर १९६१

चि. ऑरिन यास आ. वि. वि.

गंमत पोचली.

मी काल दुपारी घरी आले. दार उघडलं तर घरात जून महिना. तळघरात तेलाची नवीकोरी भट्टी घुरघुरत होती. तू पाठवलेला माणूस फार सज्जन दिसतो. त्याला जागा हवी होती म्हणून त्याने ऐंशीच्या ऐंशी गोणी अंगणात काढल्या, जमीन झाडली, माझी खडूची रेघसुद्धा धुतली, आणि गोणी परत आणून, रेघेच्या दोन बाजू एकमेकांत न मिसळता, चाळीस-चाळीसच्या दोन सुबक ढिगांत रचल्या. एक उत्तरेच्या खिडकीखाली, एक भट्टीशेजारी. चिठ्ठ्या लोंबत होत्या, त्या बऱ्या दिसेनात म्हणून सगळ्या सोडून फळीवर नीट गठ्ठा करून ठेवल्या. वर दगड ठेवला, उडू नयेत म्हणून. मग बाईमाणूस प्रवासातून गारठून येईल या विचाराने भट्टी पेटवून गेला. तीन दिवस ती पेटलेली होती.

भट्टीशेजारच्या कालवांना वाटलं वसंत आला. सगळ्यांनी तोंडं उघडली. तळघरात पाणी कुठून असणार? चाळीसच्या चाळीस गोणी मेल्या. खिडकीखालची जगली.

तू या तळघराच्या डोक्यावर वाढलास. दर हिवाळ्यात आपण स्वयंपाकघरात कोट घालून जेवत होतो, ते बाबांना लाकडं परवडत नव्हती म्हणून नव्हे. तुला हे आठवू नये, म्हणजे बॉस्टनने तुझं काय केलं आहे ते मला कळलं. तू हे मुद्दाम केलंस असं अन्सेल्मो म्हणत नाही. मीही अजून म्हणत नाही.

ताई


बॉस्टन
२ जानेवारी १९६२

ती. ताईस कृतानेक सा. न. वि. वि.

मुद्दाम केलेलं नाही. मी तुझ्या उबेचा विचार केला, त्यांच्या थंडीचा केला नाही. त्या माणसाला मी बजावलं होतं की तळघरात कालवं आहेत, ती जपा. त्याने जपली, हे तू स्वतःच लिहिलंस. थंडीत जपायची असतात हे सांगायचं राहिलं. आपल्याकडे ते कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून तोंडातून निघालंच नाही.

जगलेल्या गोणी कुणाच्या, ते कळव. कवचावरून कळणार नाही का? मला झोप नाही.

अपराधी,
ऑरिन


क्विल कोव्ह
११ फेब्रुवारी १९६२

चि. ऑरिन यास ताईचे आ. वि. वि.

झोपत जा. दुकानात धारदार सुरी हातात असते.

भट्टी बंद केली, पण तळघराच्या भिंती उबून बसल्या होत्या, तिथे ठेवण्यात अर्थ नव्हता. घरातली सगळ्यात गार जागा कोणती, तर दिवाणखाना. त्याच दिवशी अन्सेल्मो आणि मी गोणी वर आणल्या. खिडक्या सताड उघडल्या, गालिचा गुंडाळला, खाली ओलं शेवाळ, वर भिजवलेलं गोणपाट. मी स्वयंपाकघरात झोपते. आईच्या चांगल्या कोचावर नऊ गोणी आहेत. पियानोवर ठेवू दिल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात पाद्रीबाबा विचारपूस करायला आले. त्यांना दिवाणखान्यातच बसवावं लागतं, तशी रीत आहे. बसले. टोपी, हातमोजे, गळपट्टा काही काढलं नाही. चहावर पापुद्रा धरला. त्यांनी विचारलं की हे सगळे कोण. मी म्हटलं, हिवाळ्याचे पाहुणे. त्यांनी जाताना आशीर्वाद दिला, तो कुणाला ते नीट कळलं नाही.

कवचावरून काही ठरत नाही. दोघांचीही पिलं एकाच उन्हाळ्यात, एकाच जाळीत धरलेली. अन्सेल्मो रोज सकाळी येतो, गोणपाट भिजवतो आणि म्हणतो की ही लव्हिनियाची. मी म्हणते की कशावरून. तो म्हणतो, बघ ना किती हट्टाने तोंड मिटून बसलीत. असल्या पुराव्यावर मी कुणाचा माल माझ्या पट्ट्यावर पसरणार नाही. त्याने बक्षीस म्हणून देऊ केला तरी नाही, हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो देऊ करत नाही.

चव घेऊन ठरवायला आम्ही दोघंही पक्षकार. तेव्हा मार्चमध्ये बर्फ हलला की डझनभर तुझ्याकडे पाठवते. पंचवीस वर्षं तू कालवं फोडतो आहेस, खाडीची कुठली बाजू हे डोळे मिटून सांगतोस अशी तुझी ख्याती, निदान तुझ्या पत्रांत. तुझा स्वार्थ मी बॉस्टनला यावं यात आहे. म्हणून तू माझी म्हणालास तर मी शब्द मानेन. अन्सेल्मोची म्हणालास तर सामान बांधेन.

लोभात खंड नको.
ताई


क्विल कोव्ह
१४ मार्च १९६२

चि. ऑरिन यास अन्सेल्मो फुर्ताडोचे अ. उ. आ.

मी पत्रं लिहीत नाही. शेवटचं सैन्यात असताना लिहिलं, तेही बूट मागायला.

बारा कालवं आजच्या गाडीने निघाली. खोकं मी बांधलं. तुला खाल्ल्याबरोबर कळेल ती कुणाची. मला पहिल्या दिवशीच कळलं. तुझी बहीण सरपण आणायला मागे गेली तेव्हा मी एक उघडलं. माझी आहेत. एरवी मला आनंद झाला असता.

मला ती नकोत. माझं खोल पाण्यातलं सगळं जिवंत आहे. पण घे म्हटलं तर लव्हिनिया घेणार नाही, आणि माझ्याशी बोलणं सोडेल ते वेगळं. तू खरं सांगितलंस तर ती गाडीत बसेल. ऑरिन, मी रोज ओहोटीला पट्ट्यावर उतरतो तेव्हा ती पलीकडून ओरडून सांगते की माझा दंताळं धरायचा हात चुकीचा आहे. वीस वर्षं सांगते. मी तो मुद्दामच बदललेला नाही. ती गेल्यावर मी दंताळं कसं धरतो, याचं कुणाला काय?

तुझी खोली चांगली असेल. तिला फुलं आवडत नाहीत म्हणे.

हे पत्र चुलीत टाक. दुकानात भट्टी असेलच.

अन्सेल्मो


बॉस्टन
१९ मार्च १९६२

ती. ताईस सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. दुकान बंद असताना एकटा बसलो. लिंबू नाही, मिरी नाही, नुसती सुरी आणि पाण्याचा पेला. बाराही खाल्ली, घाईने निकाल नको म्हणून.

पहिल्यांदा समुद्र येतो. सरळ, तोंडावर मारल्यासारखा. मग साय. चावलं की कडेचा भाग दातांना थोडा अडवतो, खालच्या पट्ट्यावरच्या लाटांनी घट्ट केलेला. आणि शेवटी तांबं, अगदी घशापर्यंत. काकडीचा मागमूस नाही. अन्सेल्मोचं कालव मी दहा हजारांत ओळखीन. हे त्याचं नाही.

ताई, ही तुझी आहेत. माझी बॉस्टनबद्दलची बोलणी मी परत घेतो. खोली एका व्हायोलिन शिकवणाऱ्या गृहस्थांना द्यायचं म्हणतो. त्यांना फुलं चालतात.

पट्ट्यावर लवकर पसर. बर्फ पुरता गेला का?

तुझा,
ऑरिन


क्विल कोव्ह
३ मे १९६२

चि. ऑरिन यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

परवा मोजणी झाली. निरीक्षक गुडघाभर पाण्यात चार तास वाकून होता. वीस हजार एकशे साठ. शेवटचा शेकडा मोजताना त्याचा बूट वाळूत अडकून राहिला, तो अन्सेल्मोने काढला. पट्टा माझ्याकडे राहिला.

आता तुझ्या निकालाबद्दल. मी ते पत्र दोनदा वाचलं. फार सुंदर लिहिलं आहेस. मी शाळेत असताना तू खाडीत हरवलेल्या होडीची जी हकिगत बाबांना सांगितली होतीस, तिच्यानंतर इतकं सफाईदार खोटं तू बोलला नव्हतास.

मी पहिलं कालव जानेवारीच्या तीन तारखेला खाल्लं. दिवाणखान्यात, उभ्यानेच. ती अन्सेल्मोची आहेत. मला याबद्दल कधीच शंका नव्हती. माझ्या कालवांना तीन दिवस भट्टीशेजारी काढता येत नाहीत, ती माझ्यावर गेलीत, ऊब मानवत नाही.

मग तुला का पाठवली, असं विचारशील. तू मला तिकडे बोलावतोस ते माझ्या खांद्यासाठी की तुझ्या रिकाम्या जेवणाच्या टेबलासाठी, हे मला चार वर्षं कळत नव्हतं. टेबलासाठी असतं तर तू खरं लिहिलं असतंस, आणि खरं लिहिलं म्हणून तुला दोषही देता आला नसता. तू सोपी वाट घेतली नाहीस. त्या व्हायोलिनवाल्याला खोली देऊ नकोस. मी दर फेब्रुवारीत तीन आठवडे येणार आहे. तेवढी फुलं मी सोसू शकते.

अन्सेल्मोचा माल मी का ठेवून घेतला, हेही सांगते. मला कुणाकडून काही घेण्याची सवय नाही, तुला ठाऊक आहे. पण दोन माणसांनी एवढ्या कष्टाने खोटं रचलं, एकाने तर त्यासाठी पत्र लिहिलं. टपाल कचेरीतल्या बाईने मला लगेच सांगितलं की अन्सेल्मो फुर्ताडोने तिकीट मागितलं आणि कुठल्या बाजूला चिकटवायचं ते विचारलं. ते सगळं मोडून टाकण्याइतकी मी वाईट नाही. शिवाय कालव ज्या पाण्यात राहतं त्या पाण्यासारखं होतं. खालच्या वाळूवर, खाऱ्यात एक उन्हाळा काढला की तुला जे लागलं नाही ते सगळं त्यांच्यात येईल. तुझं पत्र मी जपून ठेवलं आहे. नोव्हेंबरपर्यंत त्यातला शब्द न् शब्द खरा होईल.

जुलैत पिलं धरू तेव्हा पहिल्या जाळीतली मी गुपचूप त्याच्या पट्ट्यावर सोडणार आहे. तो मोजत नाही, त्याला कळणार नाही.

आणखी एक विनंती. मला कळलंय हे अन्सेल्मोला कळू देऊ नकोस. त्याला वाटतं त्याने मला फसवलं. महिनाभर तो खाडीच्या पलीकडून इतका ताठ चालतो आहे की त्याची पाठदुखी गेली, असं तो स्वतः म्हणतो. त्याने पत्रातून विचारलंच तर लिही की लव्हिनियाची जीभ म्हातारपणी गेली, तिला आता काही ओळखू येत नाही. माझ्याबद्दल एवढं एक तू खुशाल लिही, मी वाईट वाटून घेणार नाही.

लोभ होता तसाच असू दे.
तुझी ताई,
लव्हिनिया